हरवलेल्या आणि भिजलेल्या पुस्तकाचे पैसे किती घ्यायचे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. 'ब' वर्ग, पुस्तकं चौदा हजारांच्या आसपास. मी शाळेत शिक्षक आणि दोन वर्षांपासून वाचनालयाचा सचिव. येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे, त्याआधी तुमची मतं हवी आहेत. पाडव्यानंतर लागोपाठ दोन प्रसंग असे घडले की आमचा नियमच चुकलाय असं मला वाटायला लागलंय.

सभासद कार्डाच्या मागं छापलेलं आहे : 'पुस्तक हरविल्यास अथवा खराब केल्यास छापील किमतीच्या तिप्पट रक्कम भरावी लागेल.' हे कधी ठरलं ते ठरावाच्या वहीत शोधलं, सापडलं नाही.

पहिला प्रसंग. एका ज्येष्ठ सभासदांकडून १९७८ सालचा ग्रामीण कथांचा संग्रह हरवला. दाखल नोंदवहीत किंमत ९ रुपये. त्यांनी टेबलावर २७ रुपये ठेवले, पावती घेतली, गेले. नियमाप्रमाणं सगळं बरोबर. पण ते पुस्तक कित्येक वर्षांत परत छापलेलं नाही. २७ रुपयांत ते मी आणू कुठून?

दुसरा प्रसंग. अकरावीतली एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला जातात. यंदा धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही फडावर जावं लागलं. जाताना तिनं स्पर्धा परीक्षेचं एक जाड पुस्तक सोबत नेलं. अवकाळीचा पाऊस झाला त्या रात्री कोपीत, म्हणजे त्यांच्या तिथल्या झोपडीत, पाणी शिरलं. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गावी आली तशी दुसऱ्याच दिवशी ती पुस्तक घेऊन वाचनालयात आली. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. पुठ्ठा सुटलेला, पानं फुगून पुस्तक दुप्पट जाड झालेलं, कडांना पाचटाची काळी राख. एकही पान मात्र गहाळ नव्हतं. तिनं चुलीपासून लांब, एकेक पान उलटत वाळवलं होतं.

छापील किंमत ५६० रुपये. ग्रंथपालांनी नियम वाचून दाखवला : १६८० रुपये. दोन दिवसांनी वडील आले. म्हणाले, "सर, उचल फिटायचीय अजून. हप्त्यानं देतो, पण लेकराचं नाव लाल शाईत लिहू नका." पोरगी त्यांच्या मागं उभी होती. तिनं काही न बोलता आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. तेव्हापासून ती आलेली नाही.

म्हणजे जे पुस्तक पुन्हा मिळणार नाही त्याचे २७, आणि जे बीडच्या दुकानात उद्या मिळेल त्याचे १६८०. तुमच्याकडं काय पद्धत आहे?

तांबडमाती

आमच्याकडं दुप्पट. पण खरं सांगू का, गावातल्या वाचनालयात वसुली कुणाकडून होतच नाही. पुस्तक हरवलं की माणूस यायचा बंद होतो, पुस्तकही गेलं आणि वाचकही.

शेल्फमार्क

नांदेडला महाविद्यालयात एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. आधी 'दंड' हा शब्द बाजूला ठेवा. उशिरा आणलं तर दंड, हरवलं तर भरपाई. या दोन गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या की हिशेब बिघडतो.

भरपाई म्हणजे तेच पुस्तक कपाटात परत यायला लागणारा खर्च. त्यात आजची किंमत आली, आणि त्या प्रतीवर होणारं काम आलं : शिक्के, लेबल, कव्हर, नोंद. कामाचे आम्ही ५० रुपये घेतो. दाखल नोंदवहीतली किंमत ही खरेदीच्या दिवशीची असते. ती हिशेबतपासणीसाठी, भरपाईसाठी नाही. नियम तिच्यावर बांधला की जुनं पुस्तक फुकटात जातं आणि नव्याच्या वाचकावर भार पडतो. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय.

सभासदानं तेच पुस्तक आणून दिलं तर आम्ही पैसे घेत नाही, फक्त ते ५० घेतो. आवृत्ती तीच किंवा नंतरची हवी. फुटपाथवरची चोरटी छपाई चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर लेकरं बिचारी पदरचे पैसे घालून तीच आणतात. बदली प्रतीला नवा दाखल क्रमांक देते. जुन्या क्रमांकासमोर शेऱ्यात 'हरवले, बदली प्रत मिळाली' आणि नवा क्रमांक. पैसे घेतले असतील तर पावती क्रमांक.

एक विचारते : त्या मुलीकडचं पुस्तक कोणत्या वर्षीचं आहे? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचं आयुष्य फार थोडं असतं.

गोदाकाठ

@शेल्फमार्क, २०१९ ची आवृत्ती. राज्यसेवा मुख्य परीक्षेचं, वस्तुनिष्ठ प्रश्नांचं.

शेल्फमार्क

मग बघा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. ते पुस्तक आज तुमच्याकडं नसतं तर तुम्ही विकत घेतलं असतं का? नसतं घेतलं. मग त्याचे १६८० कशाचे?

जुना_सभासद

परभणी जिल्हा. चाळीस वर्षं एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तिप्पटीचा नियम आमच्याकडंही होता आणि तो उगाच आला नव्हता.

आमच्याकडं एक गृहस्थ संदर्भासाठी म्हणून पुस्तकं न्यायचे. सगळी निजामाच्या काळातली, दुर्मिळ. वर्षाकाठी दोन-तीन 'हरवायची'. पैसे लगेच भरायचे, तक्रार कधीच नाही. पुढं कळलं की पुस्तकं त्यांच्याच घरी होती. भरपाई कमी ठेवली की ती विक्रीची किंमत होते, हे त्या वेळी आम्ही शिकलो.

पण तुमच्या धाग्यामुळं एक गोष्ट आठवली. आमच्या पहिल्या दाखल वहीत किमती हाली सिक्क्यात आहेत. हैदराबाद संस्थानाचं नाणं वेगळं होतं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, इंग्रजी अमलातले रुपये. एका पुस्तकासमोर '३ रु. ८ आ. हाली' असं सुंदर अक्षरात लिहिलंय. म्हणजे बरोबर तीन कलदार रुपये. आता हे पुस्तक कुणी हरवलं तर नियमानं घ्यायचे ९ रुपये! ज्या काळात सरकारदरबारी आणि शाळेत उर्दू होती, त्या काळात लोकांनी मराठी पुस्तकं गोळा केली, त्यांचं हे मोल? ही पुस्तकं घरी देऊच नयेत. आम्ही १९५६ पूर्वीचं सगळं वेगळ्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, तिथं बसून वाचा म्हणालो. हरवल्यावर किती घ्यायचे, हा प्रश्नच संपला.

मुलीबद्दल मात्र माझं मत : माफी देऊ नका. रक्कम कमी करा, पण काहीतरी घ्या. नियम एकासाठी सोडला की दुसऱ्या दिवशी सरपंचाचा पुतण्या दारात उभा राहतो.

कयाधूची_लेक

जुना_सभासद काका, तुमचं सगळं वाचलं. तरी मला लिहायलाच हवं.

मी सातवीत होते. हिंगोलीकडच्या एका गावातल्या वाचनालयातून गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. शेळीनं त्याची पहिली बारा पानं खाल्ली. किंमत ३५ रुपये होती. वाचनालयात एक काका बसायचे, ते पाठीमागच्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवायचे : 'पुस्तक फाडणाऱ्यास पाचपट दंड'. आईची मजुरी तेव्हा दिवसाला चाळीस रुपये. मी घरी सांगितलंच नाही. पुस्तक धान्याच्या कोठीमागं लपवलं आणि वाचनालयाच्या गल्लीतून जाणंच बंद केलं. शाळेला लांबच्या रस्त्यानं जायचे. पुन्हा वाचनालयाची पायरी चढले ती पदवीला, संभाजीनगरला आल्यावर.

मधली सगळी वर्षं मी काय काय वाचू शकले असते, हा हिशेब कोणत्या नोंदवहीत लागतो? ते पुस्तक अजून माझ्याकडं आहे. गोदाकाठ सर, त्या मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जा. चिठ्ठी पाठवू नका, तुम्ही जा.

मांजरातीर

लातूरला वकिली करतो. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात.

पुस्तक घरी नेणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू काही काळ सांभाळायला घेणं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १५१ : साधा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. कलम १५२ : तेवढी काळजी घेऊनही वस्तूचं नुकसान झालं, तर वेगळा करार नसेल तोवर त्याची जबाबदारी नाही. तुमच्या कार्डामागची ओळ हा 'वेगळा करार' आहे असं कुणी म्हणू शकेल. पण मग कलम ७४ बघावं लागतं. करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे 'तिप्पट' छापलं म्हणून तिप्पट आपोआप देय होत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना आणि मांजरेच्या काठच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात गेली. त्या घरांतल्या पुस्तकांची भरपाई मागायला कुणी गेलं असतं का? कोपीतलं पाणी हे त्याच जातीचं आहे. पुस्तक फडावर नेणं हा निष्काळजीपणा, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, त्या मोसमात तिचं घरच तिथं होतं.

नियम नव्याने लिहाल तेव्हा नैसर्गिक आपत्तीची ओळ जरूर घाला. आणि अनामत रकमेतून परस्पर पैसे कापू नका. आधी कळवा, म्हणणं ऐका, पावती द्या.

त्या १९७८ च्या संग्रहाबद्दल : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तरतूद आहे. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर विनानफा सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती करू शकतं. दुसऱ्या ग्रंथालयात प्रत मिळाली तर छायाप्रत काढून बांधून घ्या. भरपाई म्हणजे तो खर्च.

तांबडमाती

मांजरातीर, हे माहीतच नव्हतं. आमच्याकडं अशी किमान दहा-बारा पुस्तकं 'गहाळ' म्हणून पडून आहेत. यादी करतो.

खळ_पुठ्ठा

माझा जालन्यात बुक बाइंडिंगचा धंदा. वडिलांपासून आहे. सगळे हरवलेल्या पुस्तकावर बोलताय, पण वाचनालयात खराब झालेली पुस्तकं जास्त असतात, आणि 'खराब' हा एक शब्द फार गोष्टींना वापरतात.

शिवण तुटली, फरमे म्हणजे पानांचे गठ्ठे सुटले, तर जुजबंदी करून, म्हणजे ते पुन्हा शिवून, पुस्तक नव्यासारखं होतं. पुठ्ठा गेला तर पुठ्ठा बदलतो. कणा फाटला तर कापड लावतो. ही सगळी दुरुस्ती आहे, याला पुस्तकाची किंमत मागणं म्हणजे सायकल पंक्चर झाली म्हणून नवी सायकल मागणं. शिवाय पुष्कळ वेळा चूक वाचकाची नसतेच. हल्ली जाड पुस्तकं नुसती डिंकावर चिकटवलेली असतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिंक कडक होतो आणि दहाव्या वाचकाच्या हातात पानं सुटतात. त्या दहाव्या माणसाकडून पैसे घ्यायचे का? पहिल्या नऊ जणांनीही ते वापरलंच होतं.

पानं फाडली, कापून नेली, पेननं रेघोट्या मारल्या, तर ते नुकसान. तेलाचा डाग जात नाही. बुरशी धरली तर ते पुस्तक कपाटात ठेवूच नका, शेजारची पुस्तकं घेऊन जाईल.

गोदाकाठ सर, त्या पुस्तकाचे फोटो पाठवा. कणा, मधली पानं आणि खालची कड.

गोदाकाठ

पाठवले. पाच आहेत.

खळ_पुठ्ठा

बघितले. बुरशी नाही. पोरीनं फार शहाणपणानं वाळवलंय. उन्हात टाकलं असतं तर पानं वाकडी होऊन चिकटली असती. चुलीजवळ ठेवलं असतं तर ठिसूळ झाली असती. मी चार दिवस शिकंज्यात दाबून ठेवतो, मग शिवून पुठ्ठा घालतो. फुगवटा थोडा राहील, वाचायला अडचण नाही. खळीत मोरचूद घालतो, कसर लागणार नाही. १४० रुपये.

बारकोड

संगणकाच्या बाजूनं एक. मी ग्रंथालयांना कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. त्यात खरेदीची किंमत आणि बदली प्रतीची किंमत असे दोन वेगळे रकाने असतात, प्रक्रिया शुल्क तिसरं. पुस्तक 'हरवले' अशी नोंद केली की बदलीची किंमत वाचकाच्या खात्यावर चढते, आणि तेच पुढं सापडलं तर परतावा कसा द्यायचा तेही ठरवता येतं. हा परताव्याचा नियम हातानं चालणाऱ्या वाचनालयात सहसा नसतोच. पैसे भरले, सहा महिन्यांनी पुस्तक माळ्यावर सापडलं, आता काय? 'आता ते तुमचंच' म्हणून परत पाठवलेली पुस्तकं मी पाहिली आहेत, आणि त्यावर वाचनालयाचा शिक्का तसाच. मुदत घाला. वर्षाच्या आत चांगल्या स्थितीत आणलं तर प्रक्रिया शुल्क सोडून बाकी परत.

संगणक नसेल तरी चालेल. फक्त नवं पुस्तक मिळत नाही अशा पुस्तकांच्या नोंदीसमोर पेन्सिलीनं 'दु', म्हणजे दुर्मिळ, असं लिहायला सुरुवात करा.

शेल्फमार्क

जुना_सभासद काकांच्या शंकेला उत्तर म्हणून. 'एकाला सोडलं की सगळे मागतील' ही भीती हिशेबतपासनीसाची असते, मलाही होती. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, नियम २१५ आहे. वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच हरवणं हे वाजवी धरलं जातं, लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. हजार रुपयांवरचं आणि दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी हवीच. हा नियम आपल्या सार्वजनिक वाचनालयांना लागू नाही, पण मोजमाप म्हणून चांगला आहे. गोदाकाठ, तुमची वर्षाची देवघेव किती?

गोदाकाठ

नऊ हजारांच्या आसपास.

शेल्फमार्क

म्हणजे पंचेचाळीस. तुमची हरवतात किती?

गोदाकाठ

गेल्या वर्षी अकरा.

जुना_सभासद

अकरा हा आकडा वाचून मी थोडा थांबलो. आमच्याकडं तिप्पट असतानाही याहून जास्त जात होती. शेल्फमार्क ताई, तुमचं म्हणणं पटलं. सरपंचाच्या पुतण्याचं उत्तरही मांजरातीर यांनी दिलंय : निकष लेखी असले की माणूस बघावा लागत नाही. फक्त संचाचं काय ते कुणीतरी सांगा. पाच खंडांतला तिसरा हरवला आणि सुटा मिळत नाही. एका खंडाचे पैसे घेऊन उरलेले चार लंगडे ठेवायचे, की पूर्ण संचाचे घ्यायचे? आम्ही एकदा पूर्ण संचाचे घेतले होते आणि उरलेले चार खंड त्या सभासदाला दिले नाहीत. ते चुकलं असं आज वाटतं.

मांजरातीर

पूर्ण संचाचे पैसे घेतले तर उरलेले चार खंड त्याचे. नाहीतर वाचनालयाला नुकसानापेक्षा जास्त मिळालं.

कयाधूची_लेक

एक सुचवू? जुनी हरवलेली, लपवलेली पुस्तकं परत आणायला एक आठवडा ठेवा, पैसे नाहीत, प्रश्न नाहीत. लोक वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, असं काही करतात. पण बीड जिल्ह्यात तोवर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघायच्या तयारीत असतात. १२ ऑगस्टला करा, ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जन्मदिवशी. तेव्हा सगळी घरं गावात असतात. मी माझं पुस्तक त्याच दिवशी त्या गावी नेऊन देणार आहे, बारा पानं कमी असलेलं.

गोदाकाठ

बैठक झाली. तीन तास चालली.

तिप्पट काढून टाकलं. आता कार्डामागं असं येईल : पुस्तक हरवल्यास तेच पुस्तक, तीच किंवा नंतरची आवृत्ती, किंवा आजची छापील किंमत, आणि नोंदीचे ३० रुपये. बाजारात नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून छायाप्रत करून बांधून घेण्याचा खर्च. दुरुस्त होण्यासारखं असेल तर फक्त बांधणीचा खर्च. रोजच्या वापरानं सुटलेल्या पुस्तकाचे काहीच नाहीत. पूर, पाऊस, आग असेल तर सचिव आणि ग्रंथपाल मिळून ठरवतील आणि कारण वहीत लिहितील. वर्षाच्या आत सापडलं तर परतावा. दुर्मिळ पुस्तकांचं कपाट वेगळं होणार, त्याला दोन सदस्यांचा विरोध होता, त्यांचं म्हणणं कुलपातलं पुस्तक कुणी वाचत नाही. त्यावर पुन्हा बसू. संचाचाही निर्णय राहिला.

ज्येष्ठ सभासदांना मी फोन केला. शेल्फमार्क ताईंच्या ग्रंथालयात त्या संग्रहाची प्रत निघाली आहे. २१२ पानं, पानाला एक रुपया, बांधणी १३०. एकूण ३४२. आधीचे २७ वजा जाता ३१५ त्यांनी स्वतःहून आणून दिले आणि म्हणाले, "त्या दिवशी २७ रुपये ठेवताना मलाच कसंतरी झालं होतं."

मुलीच्या घरी काल गेलो. वडील घरी होते. १४० रुपये बांधणीचे, तेही कारण बघून माफ करता येतील, असं म्हणालो. त्यांनी १४० काढून दिले आणि पावती मुलीच्या नावानं मागितली. कार्ड मी खिशातून नेलं होतं, ते तिच्या हातात दिलं.

खळ_पुठ्ठा, पुस्तक उद्याच्या एसटीनं पार्सल करतो.

खळ_पुठ्ठा

करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ओलसर पानाला शाई लागते. साधा कोरा कागद, वरून प्लास्टिक, दोरी सैल. आणि कापड कोणत्या रंगाचं लावू? माझ्याकडं निळं, मरून आणि हिरवं आहे. पोरीला विचारून सांगा.

गोदाकाठ

विचारतो. उद्या येणार आहे ती, पेपर वाचायला.